बाबांची 'बॉबी' विकू की चालवू?

प्रश्न: माझ्या वडिलांची 1975 साली नोंदलेली राजदूत जीटीएस, म्हणजे लोक जिला 'बॉबी' म्हणतात ती, गडहिंग्लजला आमच्या घरामागच्या गोठ्यात बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. आता भाऊ म्हणतो, पुण्यातला एक जण चांगले पैसे देतोय, देऊन टाकू. गावातला मेकॅनिक म्हणतो, जुन्या इंजिनाच्या नादी लागू नका, नव्या गाडीचं इंजिन बसवून देतो, वर चकचकीत रंगही मारतो. आई काहीच म्हणत नाही, पण ताडपत्री फाटली की नवी आणून घालते. मला ती चालवायची आहे. आंबोलीमार्गे गोव्याला जायचं मनात आहे. आजवर मी फक्त स्कूटी चालवलीय. गाडी कागदोपत्री अजून वडिलांच्याच नावावर आहे. कुठून सुरुवात करू? आणि आईला मागे बसवता येईल का?
एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर:

ताई, विकायची घाई करू नका, आणि रंगवायची तर त्याहून करू नका. तुमच्या मेकॅनिकने सांगितलेला क्रम उलटा आहे. आधी गाडी नावावर करा, मग चालू करा, मग वर्षभर आजूबाजूला फिरवा. रंगाचा विषय त्यानंतर काढा. तोवर बहुतेक तुम्हालाच त्याची गरज वाटणार नाही.

तुमच्या गोठ्यात नेमकं काय उभं आहे ते आधी सांगतो, कारण भाव सांगणारे आणि इंजिन बदला म्हणणारे दोघंही त्याबद्दल गोंधळ घालतात. एस्कॉर्ट्स कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडच्या 'एसएचएल एम 11' या मोटरसायकलवरून राजदूत 175 बनवायला घेतली. 173 सीसीचं एक सिलिंडर, टू-स्ट्रोक (म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं इंजिन), तीन गिअर. हीच ती खेड्यापाड्यांत दुधाच्या किटल्या लादून फिरलेली राजदूत. जीटीएसमध्ये इंजिन तेच, पण गाडी ठेंगणी, चाकं स्कूटरसारखी छोटी आणि रूप तरुण पोरांसाठीचं. 1973 साली राज कपूर यांच्या 'बॉबी'त ऋषी कपूर आणि डिंपल तिच्यावरून फिरले आणि कंपनीने दिलेलं नाव लोक विसरले. आजही तिचा भाव निम्मा सिनेमामुळे आहे. आणखी एक: 'राजदूतला लाखो रुपये येतात' असं कोणी सांगितलं, तर तो बहुधा राजदूत 350 बद्दल बोलत असतो. ती यामाहाची दोन सिलिंडरची गाडी, ऐंशीच्या दशकातली. टाकीवरचं नाव सोडलं तर तिचा आणि तुमच्या गाडीचा फारसा संबंध नाही.

हा इतिहास सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. इंजिन दूधवाल्याच्या राजदूतचं असल्यामुळे पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा, पॉइंट, ऑइल सील हे सगळं जुन्या स्पेअरवाल्यांकडे अजून मिळतं. नाही मिळालं तर भंगारात निघालेली अख्खी राजदूत 175 घेऊन ठेवता येते. मिळत नाही तो जीटीएसचा स्वतःचा पत्रा: टाकी, मडगार्ड, सीटचा पाट, चाकांचे रिम, हँडल, छोटे-मोठे ब्रॅकेट. म्हणजे जे बिघडतं ते मिळतं, आणि जे मिळत नाही ते सहसा बिघडत नाही, फक्त हरवतं. तुमच्या मेकॅनिकला नेमकं मिळणारं काढून टाकायचंय आणि न मिळणारं घासायचंय.

म्हणून इंजिन बदलायला ठाम नकार द्या. कायद्याच्या अंगानेही ते अडचणीचं आहे: आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळला नाही की नूतनीकरण, विमा, विक्री सगळंच अडकतं. आणि मुळात तीन गिअरच्या टू-स्ट्रोकचा तो 'टर्रर्र' आवाजच नसेल, तर गोठ्यातून बाहेर काढायची कशाला?

आता गाडीला हात लावायचा क्रम. किक मारू नका. पाहुणे आले की 'बघू चालू होते का' म्हणून एखादा मामा येऊन दणादण किका मारतो. त्याला चहा द्या आणि लांब बसवा. इतकी वर्षं उभ्या गाडीत रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. आधी प्लग काढा, भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडा, दोन दिवस राहू द्या. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळू फिरवा. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर जोर लावू नका, हेड आणि ब्लॉक (सिलिंडरचं झाकण आणि सिलिंडर) उतरवायची वेळ आलीय. सायलेन्सरचं तोंड आणि एअर क्लीनर उघडून बघा. गोठ्यातल्या गाडीत उंदराचं घरटं किंवा कुंभारीण माशीचं मातीचं घर हमखास निघतं.

टू-स्ट्रोक इंजिन जितकं साधं दिसतं तितकं असतं, एक गोष्ट सोडून: त्याच्या क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याची, पेटी हवाबंद लागते. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबराची ऑइल सील असतात आणि उभ्या गाडीत ती सुकून कडक होतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढतं, मागे पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि गिअर ऑइल आपोआप कमी होत जातं. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर फुकटची हवा आत शिरते. गाडी अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी वर फिरत राहते, तापते आणि एक दिवस पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. पहिला प्रकार खर्चिक नाही, दुसरा आहे. 'चालतेय ना, मग कशाला खोलायचं' असं कोणी म्हटलं तरी दोन्ही सील चालू करण्याआधीच बदला. त्यासाठी इंजिन खोलावं लागणारच, तेव्हा क्रँकचं बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडचा खेळही बघून घ्या. ब्लॉकला बोअर मारायची, म्हणजे सिलिंडर आतून कातायची, वेळ आली तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात असल्या कामांना मरण नाही. तिथले लेथवाले बूश कातून देतात, घासलेला शाफ्ट भरून देतात. फक्त जुना नग सोबत न्या, तोंडी माप सांगू नका.

पॉइंटचं, म्हणजे प्लगची ठिणगी पाडणाऱ्या स्विचच्या दोन टोकांमधलं, अंतर 0.4 मिलिमीटरच्या आसपास लागतं. फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) विकत घ्या आणि हे काम स्वतः शिका. गार असताना छान चालणारी गाडी तापल्यावर बंद पडत असेल आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालू होत असेल, तर पन्नास जण कार्बोरेटर खोलायला सांगतील. आधी कंडेन्सर आणि कॉइल, म्हणजे ठिणगीची बाजू, तपासा. वायरिंग 6 व्होल्टचं आहे, बल्ब त्याच व्होल्टचे घ्या. हेडलाइट इंजिनाच्या फेऱ्यांवर जळतो, म्हणजे वळणावर गाडी हळू केली की उजेडही हळू होतो. रात्रीचं चालवणं टाळा, एवढंच त्याचं उत्तर.

टाकीत गंज असेल. मूठभर नट टाकून, घोळवून, पुन्हा पुन्हा धुऊन तो निघतो. टाकीला भोक असेल तर गॅस वेल्डिंगवाल्याकडे तशीच नेऊ नका. वर्षानुवर्षं रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते आणि ती फुटते. जाणकाराकडेच द्या.

ब्रेक शेवटी लिहितोय, पण रस्त्यावर काढण्याआधी ते झालेच पाहिजेत. जुन्या शूचं लायनर डिंकातून सुटून ड्रममध्ये अडकतं आणि चाक जागच्या जागी थांबतं. दोन्ही शूंना नवीन लायनर मारून घ्या. टायर कितीही नवा दिसला तरी इतक्या वर्षांत त्याचं रबर दगड झालेलं असतं. बाजूवरचं माप वाचा, काही वेळा स्कूटरचा टायर चालून जातो. केबल सगळ्या नव्या.

रंग मात्र राहू द्या. केरोसीनच्या फडक्याने पुसा, साध्या साबणाने धुवा. वडिलांच्या वेळचा पट्टा, डीलरचा स्टिकर, हाताने रंगवलेली नंबर प्लेट जे काही शिल्लक असेल ते सांभाळा. प्लेट काढून घरात ठेवा, कारण रस्त्यावर आता हाय सिक्युरिटी प्लेटच लागते. मूळ रंगाची, थोडी खरचटलेली जीटीएस बघून जाणकार थांबतो. नव्या रंगातली बघून तो विचारतो, 'खाली काय लपवलंय?'

आता कागद. इथे तुम्ही स्वतः बसा, एजंटवर सगळं सोडू नका. वडिलांचा नंबर 1 जुलै 1989 च्या आधीचा, म्हणजे एमएच-09 वाला नाही, 'एम'पासून सुरू होणारा जुना असणार. अशा बऱ्याच गाड्यांची नोंद आरटीओच्या संगणकावर नसते. ती आधी चढवावी लागते, तिथे तिला 'बॅकलॉग एंट्री' म्हणतात. त्यासाठी मूळ आरसी बुक हवं. ते घरात शोधा: जुनी ट्रंक, देव्हाऱ्यामागचा कप्पा, विम्याची फाईल. मग चासी नंबर आणि इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीचा छाप घ्या आणि बुकाशी ताडून बघा. कधीकाळी इंजिनाची केस बदलली असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. आणि भंगारातली राजदूत घेतलीत तर तिचे सुटे भाग वापरा, तिची नंबर असलेली केस नको.

मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावावर करायचा अर्ज म्हणजे फॉर्म 31. तो तीन महिन्यांत द्यायचा असतो. तुमची मुदत टळलीय, थोडा दंड भरा आणि पुढे जा. त्यासोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. इथेच भावाचा प्रश्न येतो. मृत्युपत्र नसेल तर गाडीवर आई, भाऊ आणि तुमचा सारखा हक्क आहे. भाऊ विका म्हणतो म्हणून तो वाईट ठरत नाही, त्याला त्यात पैसे दिसतात आणि ते खरेच आहेत. पुण्याच्या माणसाने सांगितलेल्या आकड्याचा तिसरा हिस्सा त्याला देऊ करा, हप्त्याने का होईना. 'बाबांची आठवण आहे' या वाक्यावर त्याच्याकडून फुकट सही घेऊ नका. तसली सही पुढे प्रत्येक दिवाळीला आठवण करून दिली जाते.

पुढची पायरी नोंदणीच्या नूतनीकरणाची, आणि इथे एक सापळा आहे. 2021 साली केंद्राने 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आणली. तुमची गाडी त्या वयात बसते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. ऐकायला भारी वाटतं आणि कोणीतरी तुम्हाला ती घ्यायला सांगेलच. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच मुभा. तुम्हाला चालवायची आहे, तेव्हा साधं नूतनीकरण करा. तपासणी होते, पाच वर्षांची मुदत मिळते, पर्यावरण कर भरावा लागतो. मधली वर्षं नूतनीकरण राहिलं असेल तर उशिराचं शुल्क महिन्यांच्या हिशोबाने चढतं, म्हणून काम पुढे ढकलू नका. पंधरा वर्षांनंतर पेट्रोल गाडी भंगारात द्यावीच लागते ही दिल्लीकडची गोष्ट, आपल्याकडे तपासणीत पास झाली की ती चालते. पीयूसीचीही धास्ती नको. 2000 सालाआधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 4.5 टक्के आहे. तीन-चार किलोमीटर चालवून, गाडी तापवून मगच केंद्रावर न्या. गार टू-स्ट्रोक कोणाचीच पास होत नाही.

आणि तुमचं स्वतःचं लायसन्स बघा. स्कूटीवर परीक्षा दिली असेल तर ते बहुधा विनागिअर दुचाकीचं आहे. गिअरवाल्या गाडीसाठी वेगळी नोंद लागते. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला कागद तोच मागते.

पेट्रोलबद्दल. ऑइल पेट्रोलमध्ये मिसळूनच टाकायचं, एका लिटरला 40 मिली टू-टी. बोअर नवा मारला असेल तर पहिल्या काही टाक्या 50. पंपावर आता सुटं ऑइल मिळेल याचा भरवसा नाही, छोटी बाटली आणि मापाचं झाकण डिकीत किंवा पिशवीत ठेवा. 'थोडं जास्त टाकलं तर काय बिघडतं' म्हणून अंदाजे ओतू नका, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर कार्बनने भरतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तुमच्याच भागातला ऊस साखर कारखान्यातून फिरून टाकीत परत येतो म्हणा ना. 1975 च्या रबराला तो मानवत नाही, शिवाय तो हवेतलं पाणी ओढतो. पेट्रोलची नळी, कॉकचा (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीचा) वॉशर, कार्बोरेटरचं पॅकिंग नवीन आणि आजच्या पेट्रोलला टिकेल असं घ्या. गाडी उभी केली की कॉक बंद, ही सवयच लावा. पंधरा दिवसांहून जास्त चालणार नसेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. पावसाळ्यात टाकी रिकामी केलेली बरी.

चालवायला मोकळं मैदान शोधा. एकदा क्लच, गिअर आणि पायाचा ब्रेक अंगवळणी पडला की ही गाडी हलकी आहे, ठेंगणी आहे, पाय जमिनीला टेकतात. नव्या माणसाला ती मोठ्या बुलेटपेक्षा खूप सोपी. ताकद मात्र दहा अश्वशक्तीच्या आतली आणि चाकं छोटी, त्यामुळे खड्डा थेट मनगटात येतो. चाळीसच्या आसपास ती खूश असते. हायवेवर डाव्या कडेने चाळीसने जाणं म्हणजे मागच्या ट्रकवाल्याच्या सहनशक्तीवर जीव टांगणं, तेव्हा पुणे-बेंगळुरू रस्त्याचा विचारही नको. तुमच्याकडचे तालुक्यातले रस्ते या गाडीसाठीच आहेत. आठवड्याच्या बाजाराला जा, मैत्रिणीकडे जा. आठवड्यातून दोन-तीनदा चालली तर सील मऊ राहतात, पॉइंट स्वच्छ राहतात, आणि नवा आवाज आला की तो लगेच कानाला लागतो. कव्हर घालून ठेवलेली गाडी दर वेळी नव्याने दुरुस्त करावी लागते. परतल्यावर अधूनमधून प्लग काढून बघा: विटकरी-तपकिरी असेल तर सगळं ठीक, पांढराफटक असेल तर हवा जास्त किंवा पेट्रोल कमी, तिथेच थांबा.

डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. इंजिन धरतं तेव्हा आवाज आधी बदलतो, ओढ कमी होते, आणि मग मागचं चाक लॉक होतं. आवाज बदलताक्षणी क्लच दाबून गाडी कडेला घ्या, गार होऊ द्या. बहुतेक वेळा अर्ध्या तासाने ती पुन्हा चालू होते आणि ब्लॉक वाचतो.

आंबोली-गोवा रद्द करा असं म्हणत नाही, पण त्याचे दोन तुकडे करा. तुमच्याकडून आजऱ्यावरून आंबोली हा वाटेत छोटे चढउतार असलेला रस्ता आहे, मोठा घाट त्यानंतर सुरू होतो. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर, पाऊस आणि धुकं सरल्यावर, आंबोलीपर्यंत जा आणि परत या. आजऱ्याला थांबून इंजिन गार करा, घनसाळचा भात मिळाला तर जेवूनच निघा. खाली सावंतवाडीकडे उतरायचं ते पुढच्या वर्षी. चढापेक्षा उतारच या इंजिनाला जड जातो, हे बऱ्याच जणांना पटत नाही. चार-स्ट्रोकची सवय असलेला माणूस उतारावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून गिअरवर गाडी उतरवतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल बंद म्हणजे त्यातलं ऑइलही बंद. इंजिन जोरात फिरतंय आणि पिस्टनला वंगणाचा थेंब नाही. उतारावर दर थोड्या वेळाने अ‍ॅक्सिलरेटर किंचित उघडा, क्षणभर फिरू द्या, सोडा. छोटे ड्रम तापून ब्रेक ढिले वाटले तर थांबायला लाजू नका. परतीचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश करा, पहाटे निघा. सोबत प्लग, पॉइंटचा पाना, क्लचची केबल, तार आणि ऑइलची बाटली असू द्या. आणि शक्य असेल तर मागे कोणी चारचाकीतून येईल असं बघा.

आईंना मागे बसवता येईल, पण ब्रेकचं काम झाल्यावर आणि तुमचा स्वतःचा हात बसल्यावर. पहिली फेरी घर ते बाजार एवढीच. मागचे फूटरेस्ट आणि त्यांचे बोल्ट तपासा, इतक्या वर्षांत ते आतून गंजलेले असतात. त्या साडी नेसत असतील तर चेन कव्हर पूर्ण हवं आणि मागच्या चाकाला साडीगार्ड. जीटीएसला मापाचा तयार मिळणार नाही, फॅब्रिकेशनवाल्याकडून सळईचा करून घ्या, टाकी-मडगार्डला भोक न पाडता क्लिपांवर बसेल असा. जुन्या गाड्यांच्या मेळ्यातले लोक तो बघून नाक मुरडतील. मुरडू द्या.